पहिलं हँडहेल्ड जीपीएस घेताना: सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी आणि जिओकॅशिंग सुरू करणाऱ्यांसाठी

नाणेघाटाच्या माथ्याशी सातवाहनकालीन गुहा आहे, भिंतींवर ब्राह्मी शिलालेख असलेली. पायथ्याच्या वैशाखऱ्याकडून चढून आलं की शेवटची दगडी चढण त्या गुहेपाशी पोचते आणि तिथून खिंडीतून आपण पठारावर निघतो. शेजारी नानाचा अंगठा हा कडा. एका जुलैत आम्ही चौघं गुहेपाशी थांबलो, जीपीएसवर त्या जागेची नोंद केली आणि अंगठ्यावर गेलो. वर असतानाच ढग उतरले. लांब केलेल्या हाताची बोटंही धूसर दिसत होती. मी यंत्रात गुहेची नोंद निवडली, बाण फिरून स्थिर झाला, शेजारी अंतर आलं आणि ते शंभर मीटरसुद्धा नव्हतं. बाणाच्या दिशेनं आम्ही चालू लागलो. थोड्याच पावलांत पुढचा मित्र जागीच थांबला, कारण वारा आता खालून वर येत होता. समोर कडा होता. गुहा यंत्रानं सांगितली तेवढ्याच अंतरावर होती, पण कड्याच्या खाली.

मग बाणाचं पान बंद केलं, नकाशाचं पान उघडलं. येताना यंत्रानं आपोआप आखलेली आमच्या चालीची रेघ त्यावर होती. त्या रेघेवरून पाऊल-पाऊल मागं येत आम्ही खिंडीत उतरलो.

जीपीएस जागा सांगतं, वाट सांगत नाही. वाट तुम्ही स्वतः चालून, नोंदवून त्यात भरायची असते. म्हणून यंत्र निवडताना मी एकच कसोटी लावतो: पावसात, धुक्यात, दमलेल्या हातांनी ही नोंद किती सहज करता येते आणि परत काढता येते? बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

पहिली पायरी: खरंच गरज आहे का, ते ठरवा

आजच्या मोबाइलमधलं जीपीएस चांगलं असतं. त्याला नेटवर्क लागत नाही, हे अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. उपग्रहांकडून येणारा संदेश फोन नुसता ऐकतो, त्यासाठी टॉवर लागत नाही. घरून नकाशा उतरवून घेतला आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकला की रेंज नसलेल्या दरीतही तुमचा ठिपका दिसतो. वर्षातून चार वेळा लोहगड, राजगड, कळसूबाई करणार असाल, तेही मळलेल्या वाटांनी, तर फोन आणि एक पॉवर बँक पुरे. वाचलेल्या पैशांत चांगले बूट घ्या.

वेगळं यंत्र कधी घ्यावं? पावसाळ्यात भटकत असाल तर. घाटवाटा करत असाल तर, म्हणजे जिथं कारवीत वाट हरवते, ढोरवाटा फसवतात आणि चकवा लागल्यासारखं माणूस त्याच पठारावर फिरत राहतो. दोन-तीन दिवस सलग बाहेर राहत असाल, इतरांना घेऊन जात असाल किंवा जिओकॅशिंग, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ, नेमानं करणार असाल तर. फोन तीन ठिकाणी दगा देतो. ओल्या पडद्याला बोट कळत नाही, पावसाचे थेंबच बोटासारखे उमटतात. बॅटरी संपली की नकाशाही जातो आणि मदतीला फोन करायची सोयही जाते. आणि तो कातळावर पडला की पडदा तडकतो. अडचणीच्या वेळी ११२ लावायला फोनची बॅटरी राखून ठेवणं, हे वेगळं यंत्र घेण्याचं मला सर्वांत पटणारं कारण आहे.

दुसरी पायरी: बटणं, पडदा, सेल

दुकानात गेलात, किंवा एखाद्या मित्राचं यंत्र बघायला मिळालं, तर ही परीक्षा घ्या. हात पाण्यानं ओले करा. डाव्या हातात यंत्र, उजव्या हातात काठी. आता डाव्याच अंगठ्यानं सध्याच्या जागेची नोंद करा, तिला नाव न देता जतन करा, नकाशाच्या पानावर जा, नकाशा मोठा-लहान करा. हे सगळं न बघता जमू लागेल असं वाटलं तर ते यंत्र तुमचं. दोन हात लागत असतील किंवा प्रत्येक कामाला पाच याद्या उघडाव्या लागत असतील तर ते कितीही महागाचं असो, पावसात तुम्ही ते खिशातून काढणार नाही.

म्हणून सह्याद्रीसाठी मी बटणांचं यंत्र सुचवतो. टचस्क्रीनची मोठी यंत्रं कोरड्या हवेत सुखाची असतात, घरी बसून नावं टाइप करायलाही बरी. पण आपल्याकडे भटकंतीचा मोठा हंगाम जून ते सप्टेंबर असतो आणि त्या दिवसांत बटणाला पर्याय नाही.

पडदा किती इंचांचा, यापेक्षा तो उन्हात कसा दिसतो ते पाहा. या यंत्रांचे पडदे मोबाइलसारखे झगझगीत नसतात, सावलीत ते फिके वाटतात आणि नवा माणूस निराश होतो. तेच यंत्र भर दुपारी उन्हात धरा. पडदा उजेड परतवून स्वतः उजळतो, मागचा दिवा लावावाच लागत नाही, आणि म्हणूनच सेल इतके तास टिकतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पडद्याचा निवाडा करू नका.

सेलचं गणित सरळ आहे. एक जात डबल-ए पेन्सिल सेलांवर चालते, दुसरी आत बसवलेल्या लिथियम बॅटरीवर. आतली बॅटरी जास्त टिकते, पण संपली की चार्जिंगची सोय शोधावी लागते. पेन्सिल सेल पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात आणि विजेरीतलेच काढून यंत्रात घालता येतात. नवख्या माणसाला मी पेन्सिल सेलचं यंत्र घ्यायला सांगतो. चार्ज होणारे निकेलचे चार सेल घ्या, दोन यंत्रात आणि दोन कोरड्या डबीत. एक बारकावा लक्षात ठेवा: चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते. तो चुकीचा राहिला तर भरलेला सेलही अर्धा दिसतो किंवा संपत आलेला सेल भरलेला दिसतो. हिमालयात थंडीत जाणार असाल तर एकदाच वापरायचे लिथियम डबल-ए सेल न्या, ते गारठ्यात दम धरतात.

पाण्याबाबत खोक्यावर आयपीएक्स७ असं लिहिलेलं असावं. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरत नाही. मात्र सेलच्या झाकणाच्या रबरी कडेत गवताची काडी किंवा वाळूचा कण अडकला तर हा आकडा निरर्थक ठरतो. पावसात सेल बदलायची वेळ आली तर आधी हात पुसा, छत्रीच्या किंवा पोंचोच्या आडोशाला बसा आणि झाकण लावण्याआधी ती कड बोटानं पुसून घ्या.

तिसरी पायरी: उपग्रहांचं थोडं समजून घ्या

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि जागा सांगत राहतो. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं आणि चार उपग्रह मिळाले की जागा व उंची ठरते. त्यांच्या जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू आणि आपल्या इस्रोचे नाविक आहेत. जितके जास्त उपग्रह ऐकता येतील तितकं बरं, पण खरा फरक अरुंद जागी पडतो.

नाळ, म्हणजे कड्यातून चढणारी अरुंद घळ, कशी असते ते आठवा. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, वर आकाशाची एक पट्टी. त्या पट्टीत जे उपग्रह असतील तेवढेच थेट ऐकू येतात. बाकीच्यांचा संदेश ओल्या भिंतीवर आपटून उशिरा पोचतो. प्रकाशाच्या वेगानं येणारा संदेश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. शंभर नॅनोसेकंद उशीर झाला की यंत्राला तो उपग्रह ३० मीटर लांब वाटतो. म्हणूनच नाळेतून उतरताना नकाशावरची रेघ भिंतीतून आरपार गेलेली दिसते. दोन वारंवारितांवर ऐकणारी यंत्रं, ज्यांना मल्टी-बँड म्हणतात, असे परतून आलेले संदेश बरेचसे ओळखतात आणि रेघ नाळेतच ठेवतात. घाटवाटा हाच तुमचा छंद असेल तर मल्टी-बँडवर जादा पैसे घालण्यात अर्थ आहे. किल्ले आणि पठारं करणाऱ्याला साधं यंत्र पुरतं, कारण उघड्यावर तीन ते पाच मीटरची चूक दोघांचीही असते.

होकायंत्र आणि उंचीमापकाची गोष्टही इथंच सांगून टाकतो. स्वस्त यंत्रांत बहुधा चुंबकीय होकायंत्र नसतं. तुम्ही चालत असाल तरच त्यांना दिशा कळते, उभं राहिलात की बाण भरकटतो. दहा-पंधरा पावलं चालून बाण पाहायची सवय लावली तर चालून जातं, पण कड्याच्या काठावर धुक्यात दहा पावलं चालायला मी कुणाला सांगणार नाही. जमत असेल तर होकायंत्र असलेलंच घ्या. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक मिळाला तर चांगलंच. ‘वाट अमुक उंचीवर उजवीकडे वळते’ असं कळलेलं असेल तर दाट रानात तो नकाशाइतका कामाला येतो. दिवसभरात हवा बदलली की तो चुकतो, म्हणून सकाळी सुधारून घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्याकडे एक फुकटची सोय आहे: रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कसाऱ्याला किंवा कर्जतला उतरलात की पाटीजवळ उभे राहून तो आकडा यंत्रात भरा.

चौथी पायरी: यंत्र निवडा

आपल्याकडे या प्रकारात गार्मिनचीच यंत्रं जास्त दिसतात, त्यामुळे उदाहरणं तीच घेतो.

काळ्यापांढऱ्या पडद्याचं ईट्रेक्स १० हे २०११ चं मॉडेल. त्यात तपशिलाचा नकाशा टाकता येत नाही, पण नोंद, रेघ आणि बाण ही तीन कामं ते करतं. कुणी स्वस्तात देत असेल तर शिकायला उत्तम. त्याच धाटणीचं ईट्रेक्स एसई २०२३ मध्ये आलं. दोन पेन्सिल सेलांवर १६८ तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते, त्यात होकायंत्र आहे, फोनशी जोडता येतं, पण यंत्रावर नकाशा नाही. ज्यांना नकाशा फोनवर बघायचा आहे आणि यंत्र फक्त राखीव आधार म्हणून हवं आहे, त्यांनी याचा विचार करावा.

माझा कल मात्र ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्सकडे आहे, दोन्ही २०१९ ची. २.२ इंचांचा रंगीत पडदा, मेमरी कार्डाची जागा, दोन सेलांवर २५ तास, वजन सेलांसकट सुमारे १४० ग्रॅम. ३२एक्समध्ये होकायंत्र आणि दाबावरचा उंचीमापक जादा आहे आणि वर म्हटलं त्या कारणासाठी तो फरक पैसे देण्याजोगा आहे. यात नकाशा टाकता येतो, जिओकॅशची माहिती साठवता येते, आणि पहिल्या यंत्राकडून याहून जास्त काही मागायचं नसतं.

त्याच्या वर जीपीएसमॅप ६५एस: मल्टी-बँड, पडद्याखाली मोठी बटणं, पेन्सिल सेलांवर १६ तास. घाटवाटांसाठी मला हे सर्वांत योग्य वाटतं. त्याहून वर जीपीएसमॅप ६७, तीन इंची पडद्याचं, आतल्या बॅटरीवर १८० तासांपर्यंत चालणारं. लांबच्या हिमालयी मोहिमांना ते शोभतं, शनिवार-रविवारच्या भटकंतीला एवढ्याची गरज पडत नाही.

आता एक इशारा, आणि तो मनापासून वाचा. काही मॉडेलांच्या नावाच्या शेवटी ‘आय’ हे अक्षर असतं, जसं ६६आय, ६७आय, मोंटाना ७००आय. त्यात इनरीच नावाची सोय असते. ती इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवते. नुसतं जीपीएस ऐकणारं यंत्र वापरायला भारतात अडचण नाही, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. असं यंत्र सामानात सापडल्यामुळे गोव्यासह देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतलं गेलं आहे, गुन्हे दाखल झाले आहेत. न्यू जर्सीतल्या भावाला किंवा लंडनच्या मावशीला ‘येताना घेऊन ये’ म्हणून सांगणार असाल तर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून द्या आणि ‘शेवटी आय नको’ हे दोनदा सांगा. भेट म्हणून आणलेल्या वस्तूपायी त्यांना विमानतळावर पोलिसांपुढं बसावं लागणं फार वाईट.

वापरलेलं यंत्र घेण्यात गैर काही नाही. माझं पहिलं तसंच होतं. घेताना सेलचं झाकण उघडून पत्र्यांवर हिरवा किंवा पांढरा बुरा आहे का पाहा, गळक्या सेलांनी आत नुकसान केलेलं असतं. प्रत्येक बटण दाबा. कडेचं रबर चिकट होऊन सुटलंय का पाहा. उघड्यावर नेऊन उपग्रह पकडतंय का पाहा आणि पकडल्यावर तारीख वाचा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांचा आकडा १,०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. तसं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये झालं. काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर सांगत असली तरी रेघांवर चुकीच्या तारखा पडतात, म्हणून किंमत कमी करून मागा.

पाचवी पायरी: घरी बसून जुळवाजुळव

नवं यंत्र पहिल्यांदा चालू केलं की गच्चीवर किंवा मैदानात नेऊन वीसेक मिनिटं नुसतं ठेवा. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक एका उपग्रहाकडून पूर्ण ऐकायलाच साडेबारा मिनिटं लागतात. खिडकीत बसून ‘हे चालत नाही’ असं ठरवू नका.

मग सेटिंग. मोजमाप मीटरमध्ये, सेलचा प्रकार बरोबर, ट्रॅक (आपल्या चालीची रेघ) नोंदवणं चालू. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो, डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या वेगळ्या पायावर आखलेले आहेत. त्यांच्यावरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे यंत्रात भरले तर शंभरएक मीटरचा फरक पडतो, आणि घाटमाथ्यावर शंभर मीटर म्हणजे पठार आणि दरी यांतला फरक. यंत्र चालू होताना दिसणाऱ्या मजकुरात घरचा एखादा फोन नंबर टाका, हरवलं तर परत येण्याची आशा राहते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो आकड्यांच्या मांडणीत. समजा तुम्हाला १९° ३०.५००′ असा अक्षांश मिळाला. हे १९ अंश आणि साडेतीस मिनिटं, म्हणजे दशांशात १९.५०८३३. घाईत कुणी ते १९.३०५ असं भरलं तर नोंद बावीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते. एक मिनिट अक्षांश म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, त्यामुळे मिनिटाच्या तिसऱ्या दशांश घरातला एक आकडा म्हणजे दोन मीटरांहून कमी. जिओकॅशिंगमध्ये हीच अंश आणि दशांश-मिनिटांची पद्धत चालते. फोनवरचे नकाशे मात्र बहुधा नुसते दशांश अंश देतात. भरण्याआधी मांडणी कुठली आहे ते बघा आणि भरल्यावर नकाशावर ठिपका अपेक्षित गावाजवळ पडलाय का ते तपासा. ही एक तपासणी मी आजही चुकवत नाही.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले, गार्मिनसाठी तयार केलेले फुकट नकाशे मिळतात, समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांसह. संगणकाला यंत्र जोडा, नकाशाची फाइल ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये टाका. कुणी दिलेली वाटेची जीपीएक्स फाइल असेल तर ती त्याच्या आतल्या ‘जीपीएक्स’ फोल्डरमध्ये. दुसऱ्याच्या फाइलवर डोळे मिटून विसंबू नका. जानेवारीत चाललेला माणूस जिथून गेला तिथून ऑगस्टमध्ये ओढा आडवा येतो. तो चुकून भलत्या घळीत शिरला असेल तर ती चूकही रेघेत उतरलेली असते. फाइल घ्या, पण पायथ्याच्या वाडीत विचारा, आणि पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. त्याच्यासोबत चालताना यंत्रानं काढलेली रेघ ही तुमची पहिली खरी कमाई.

सहावी पायरी: तीन सराव, मग घाट

पहिला सराव जवळच्या मैदानात. एका बाकाची नोंद करा, दोनशे पावलं लांब जा, बाणावरून परत या. बाण बाकापासून किती लांब नेऊन सोडतो ते पाहिलं की चार-पाच मीटर म्हणजे काय ते अंगात मुरतं. दुसरा सराव एखाद्या टेकडीवर. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, तिथं वाटांचं जाळं असल्यामुळे सराव छान होतो. वर जाताना ट्रॅक नोंदवा आणि उतरताना फक्त त्या रेघेवरून या. तिसरा सराव तुम्हाला तोंडपाठ असलेल्या किल्ल्यावर, फोन पिशवीत बंद करून. सरावात यंत्र छातीजवळच्या पट्ट्याला, आकाश दिसेल असं अडकवा. पँटच्या खिशात घालू नका.

नोंदी कुठं करायच्या? सुरुवातीचं गाव, शेवटचं पाणी, वाट फुटते तो प्रत्येक फाटा, मुक्कामाची जागा. आणि घाटवाटेत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नाळेचं तोंड. खालून येताना नाळ एवढी मोठी दिसते की ती विसरणं अशक्य वाटतं. वर पोचून पन्नास पावलं पुढं जा आणि वळून पाहा: गवतातला एक खळगा, तसे आणखी दहा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं की तेही दिसत नाही. म्हणून शेवटचं पाऊल पठारावर पडलं की तिथंच थांबा, यंत्र मिनिटभर स्थिर धरा आणि नोंद करा. त्यानंतर पठारावर पन्नास-शंभर पावलं गेल्यावर, जिथून सुरक्षितपणे तोंडाकडे वळता येईल अशा जागी आणखी एक नोंद करा. धुक्यात परतताना आधी या दुसऱ्या नोंदीकडे या, मग रेघेवरून तोंडाकडे. नाणेघाटात माझ्याकडे अशी दुसरी नोंद असती तर आम्ही त्या कड्याकडे वळलोच नसतो.

सोबत कागदाचा नकाशा आणि साधं होकायंत्र असू द्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक असतो, त्यामुळे आपल्याला दुरुस्तीची डोकेदुखी नाही.

सातवी पायरी: डबा शोधायला निघा

२००० सालच्या २ मेपर्यंत अमेरिकेनं सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली होती. शंभर मीटरपर्यंत जागा चुकायची. ती चूक काढून टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ वस्तूंनी भरलेली एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग उभं राहिलं. कुणीतरी डबा लपवतो, आत एक नोंदवही ठेवतो, बाकीचे आकड्यांवरून तो शोधतात, सही करतात आणि जिथं होता तिथंच परत ठेवतात.

प्रत्येक डब्याला दोन गुण असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, एक ते पाच. पहिले चार-पाच डबे दोन्हींत दीडच्या आतले निवडा. आकारानं मोठा घ्या, कारण सूक्ष्म प्रकारचा डबा फिल्मच्या डबीएवढा किंवा त्याहून लहान असतो आणि नवखा माणूस हताश होतो. शेवटची यशस्वी नोंद किती जुनी आहे तेही बघा. भारतात डबे विरळ आहेत आणि बरेच पावसात वाहून गेलेले असतात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर डबे मिळतील, आणि मुलांना घेऊन रविवार घालवायला याच्याइतकी चांगली गोष्ट मला माहीत नाही.

दहा मीटरवर आलात की यंत्र खिशात घाला. त्याची चूक आणि डबा लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक मिळून तेवढी होतेच. आता डोळ्यांनी शोधा: उगाच रचलेले दगड, जागेवर शोभत नसलेलं लाकूड, झाडाचा पोकळ बुंधा. आपल्याकडे दगडाखाली थेट हात घालू नका, आधी काठीनं हलवा. कोकणाच्या बाजूला फुरसं अशाच जागी बसतं. स्वतःचं पेन न्या, डब्यातलं बहुधा वाळलेलं असतं. आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची किंवा बरी वस्तू ठेवा, खाऊ ठेवू नका, मुंग्या लागतात. क्रमांक कोरलेली चकती दिसली तर तो ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरत राहणारी वस्तू आहे. तो घेतलात तर पुढच्या डब्यात पोचवा.

स्वतः डबा लपवायची घाई नको, आधी वीस-पंचवीस शोधा. आणि किल्ल्यांवर लपवूच नका. तटबंदीच्या फटीत डबा कोंबला की शोधणारे दगड उचकटतात. राज्यातले अकरा शिवकालीन किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आहेत आणि कितीतरी इतर संरक्षित स्मारकं आहेत, त्यांचा एक चिराही आपल्यामुळे हलता कामा नये. स्थानक, बाजार, मंदिर यांच्याजवळही नको, कारण बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना बोलावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको. सह्याद्रीला खरा शोभणारा प्रकार अर्थकॅश आहे. त्यात डबाच नसतो. भूगर्भाची एखादी खूण असलेल्या जागी जायचं, निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. लाव्हाचे एकावर एक बसलेले थर दाखवणारा कडा आपल्याकडे जागोजागी आहे.

घरी परतल्यावर

यंत्र ओल्या पिशवीत ठेवून झोपू नका. सेल काढा, झाकण उघडं ठेवून पंख्याखाली वाळू द्या. महिनाभर वापर नसेल तर सेल बाहेरच राहू द्या. ट्रॅक संगणकावर उतरवा, गाडीतून आलेला भाग कापून टाका, वाट आणि तारीख कळेल असं नाव द्या. नोंदींपुढे दोन शब्द लिहा. विशेषतः पाण्याच्या टाक्यापुढे तारीख आणि ‘पिण्याजोगं’, ‘गाळ’ किंवा ‘आटलं’ एवढं तरी. पुढच्या मार्चमध्ये त्याच वाटेनं जाताना किती बाटल्या घ्यायच्या, ते तुम्ही या नोंदीवरूनच ठरवाल.